शंकेची भाषा : विद्यापीठातील तत्त्वज्ञानाध्यापनाचा प्रश्न

१

रसायनशास्त्राच्या वर्गात एखाद्या वायूस प्राणवायू म्हटले काय किंवा ऑक्सिजन म्हटले काय, त्या वायूच्या गुणधर्मांत काडीचाही फरक पडत नाही. संज्ञा बदलली तरी नळीतील वायू तोच राहतो, आणि विद्यार्थ्याची समजूत चुकली असेल तर प्रयोगच ती चूक दाखवून देतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गाची स्थिती अशी नाही. मन, ज्ञान, कर्तव्य, सत्ता हे शब्द उच्चारल्यावर त्यांच्या पलीकडे बोट दाखवावे असा पदार्थ तेथे मेजावर ठेवलेला नसतो. त्या शब्दांचा अर्थ निश्चित करणे हाच तेथे विषयाचा बराचसा भाग असतो. म्हणून तत्त्वज्ञान कोणत्या भाषेत शिकवावे हा प्रश्न इतर विषयांतल्याप्रमाणे केवळ सोयीचा राहत नाही. विद्यार्थी ज्या भाषेत शंका घेतो त्या भाषेत त्याला उत्तर मिळते काय, आणि ज्या भाषेत त्याला उत्तरे मिळतात त्या भाषेत त्याला शंका घेता येते काय, या दोन प्रश्नांवर त्या विषयाचे जिवंतपण अवलंबून असते.

भारतीय विद्यापीठांत हा विषय शिकविला जाऊ लागल्यास दीडशेहून अधिक वर्षे लोटली. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला अनेकांची मते ठाऊक असतात, परंतु त्याला स्वतःला विचार करता येत नाही, ही तक्रारही जवळजवळ तितकीच जुनी आहे. तिची कारणे सांगताना परीक्षापद्धती, बाजारू मार्गदर्शिका, नोकरीची विवंचना आणि विद्यार्थ्यांची घटती संख्या यांचा उल्लेख नेहमी होतो. ही कारणे खोटी नाहीत, पण ती वरच्या थरातील आहेत. मूळ दोष असा की हा विषय एका भाषेत रचला गेला, दुसऱ्या भाषेत शिकविला गेला आणि तिसऱ्या भाषेत जगला गेला. आणि या भाषांमध्ये जो अनुवाद घडावयास हवा होता, तो वर्गाचे मुख्य काम म्हणून कोणी अंगावर घेतला नाही.

२

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली तेव्हा त्यांच्यापुढे लंडन विद्यापीठाचा नमुना होता. ते विद्यापीठ त्या काळी मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होते. भारतीय विद्यापीठांनीही प्रथम तेच काम पत्करले. शिकविणे महाविद्यालयांकडे आणि परीक्षा विद्यापीठाकडे अशी वाटणी झाली. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन करावे ही कल्पना १९०४ च्या कायद्याने पुढे आली, आणि कलकत्त्यास पदव्युत्तर विभागांची नीट घडी १९१७ साली आशुतोष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने बसली. म्हणजे पहिली पन्नासएक वर्षे तत्त्वज्ञान हा विषय वर्गातील चर्चेतून आकारास येण्याऐवजी प्रश्नपत्रिकेतून आकारास आला. ज्या विषयात प्रश्न विचारणे हेच शिक्षण असावयाचे, त्या विषयात प्रश्न दूरच्या परीक्षकाने विचारावयाचे आणि विद्यार्थ्याने केवळ उत्तरे द्यावयाची, असा उलटा संसार सुरू झाला.

त्याच सुमारास देशात तत्त्वज्ञानाच्या अध्यापनाची दुसरी व्यवस्था चालू होती. काशी, मिथिला आणि नवद्वीप येथील पाठशाळांतून न्याय, मीमांसा, वेदान्त यांचे अध्ययन संस्कृतातून होत होते. या दोन व्यवस्था एकमेकींना भेटण्याची संधी पुण्यास आली होती. १८२१ साली, पेशवाईतील दक्षिणेच्या पैशातून, तेथे संस्कृत पाठशाळा सुरू करण्यात आली. १८५१ साली ती इंग्रजी शाळेशी जोडली गेली आणि पुढे तिचेच डेक्कन कॉलेज झाले. शास्त्री आणि इंग्रजी अध्यापक एका छपराखाली आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत लिहिले, ते याच वातावरणाचे फळ होय. परंतु हा शेजार फार काळ संवादात परिणत झाला नाही. इंग्रजी अभ्यासक्रमाचे पारडे जड झाले आणि शास्त्र्यांच्या विद्येला संस्कृत भाषेच्या विभागात जागा मिळाली. तत्त्वज्ञान म्हणजे पाश्चात्य तत्त्वज्ञान आणि दर्शने म्हणजे संस्कृत वाङ्मयाचा एक भाग, अशी जी विभागणी तेव्हा झाली तिचे व्रण अद्यापि बुजलेले नाहीत.

या विभागणीने विद्यार्थ्याच्या मनाची कशी ओढाताण होत असे याचे उत्तम उदाहरण सर्वपल्ली राधाकृष्णन यांचे आहे. मद्रासच्या ख्रिस्ती महाविद्यालयात शिकत असताना, वेदान्तात नीतीला स्थान नाही ही टीका त्यांच्या कानी पडत असे. १९०८ साली एम. ए. साठी त्यांनी जो प्रबंध लिहिला तो वेदान्ताच्या नीतिशास्त्रावर होता. वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने आपल्या घरच्या विचाराचा कैवार घेतला, पण त्यासाठी त्याला इंग्रजी भाषा, पाश्चात्य नीतिशास्त्राची परिभाषा आणि टीकाकारांनी मांडलेला प्रश्न हे तिन्ही पत्करावे लागले. पुढे त्यांच्या ‘इंडियन फिलॉसफी’चे दोन खंड १९२३ आणि १९२७ साली आले. त्याआधी १९२२ साली सुरेंद्रनाथ दासगुप्तांच्या इतिहासाचा पहिला खंड आला होता; हिरियण्णांचा ग्रंथ १९३२ साली आणि चटर्जी व दत्त यांचे पाठ्यपुस्तक १९३९ साली आले. या ग्रंथांमुळे भारतीय दर्शनांना तत्त्वज्ञानाच्या विभागात प्रवेश मिळाला हे त्यांचे मोठे ऋण आहे. मात्र हा प्रवेशही इंग्रजीच्या दारातूनच झाला. शंकराचार्यांचा विद्यार्थी आणि कान्टचा विद्यार्थी आता एकाच बाकावर बसले, तरी दोघांच्या हाती अनुवादच होता, आणि आपण अनुवाद वाचीत आहोत याची जाणीव दोघांनाही करून देण्यात आली नव्हती.

३

या स्थितीचे निदान कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी १९३० च्या आसपास हुगळी येथे विद्यार्थ्यांपुढे केले. विचारांतील स्वराज्य या विषयावरचे त्यांचे ते व्याख्यान १९५४ साली प्रसिद्ध झाले. राजकीय पारतंत्र्य उघड असते, परंतु विचाराचे पारतंत्र्य ज्याला जडते त्याला ते जाणवतच नाही, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. परकी विचार स्वीकारणे म्हणजे पारतंत्र्य असे त्यांनी म्हटले नाही. आपल्या परंपरेतील विचाराशी तुलना न करता, त्याच्याशी झुंज न होऊ देता जेव्हा परका विचार त्याची जागा घेतो, तेव्हाच पारतंत्र्य येते. भट्टाचार्य स्वतः कान्टचे मर्मज्ञ होते आणि अद्वैत वेदान्ताचेही. खानदेशातील अंमळनेर येथे प्रतापशेठजींच्या उदार आश्रयाने १९१६ साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञानमंदिराचेही ते काही काळ संचालक होते. एका लहानशा गावात देशोदेशीच्या विचारांवर चर्चा करणारे केंद्र उभे राहिले आणि तेथून तत्त्वज्ञानाचे त्रैमासिक निघू लागले, ही घटना भारतीय तत्त्वज्ञानाच्या आधुनिक इतिहासात लहान नाही. तथापि त्या त्रैमासिकाची भाषाही इंग्रजीच होती.

भट्टाचार्यांच्या निदानातून अध्यापनासाठी एक सरळ निष्कर्ष निघतो. तुलना आणि झुंज जर घडावयाची असेल, तर ती दोन भाषांमधील एखाद्या शब्दाच्या ठिकाणीच घडणार. परका विचार आपल्या भाषेत आणताना ज्या ठिकाणी शब्द अडतो, तेथेच दोन विचारव्यूहांची गाठ पडते. म्हणून अनुवादातील अडचण ही अध्यापनातील व्यत्यय मानू नये; तीच अध्यापनाची खरी जागा होय.

असे घडू शकते याला युरोपचा इतिहासच साक्ष आहे. सतराव्या शतकात जर्मन विद्यापीठांची भाषा लॅटिन होती. १६८७ साली लाइप्झिग येथे थोमासिउस याने जर्मन भाषेतून व्याख्यान देण्याचे जाहीर केले, ही गोष्ट त्या काळच्या विद्वानांना औद्धत्याची वाटली. पुढे क्रिस्टियान वोल्फ याने जर्मनमध्ये तत्त्वज्ञानाचे ग्रंथ लिहून परिभाषा घडविली. बाउमगार्टेन याचा तत्त्वमीमांसेवरील ग्रंथ लॅटिनमध्ये होता, पण त्याच्या पुढील आवृत्त्यांत लॅटिन संज्ञांचे जर्मन पर्याय तळटीपांत दिलेले असत. कोनिग्सबर्ग येथे १७५५ पासून अध्यापन करणारा कान्ट हाच नेमलेला ग्रंथ वर्षानुवर्षे वर्गात वापरीत असे. लॅटिन ग्रंथ पुढ्यात, व्याख्यान जर्मनमध्ये आणि पानांच्या समासांत स्वतःची टिपणे, अशी त्याची रीत होती. ज्या ग्रंथावर तो शिकवी त्याच ग्रंथातील भूमिकेचे खंडन त्याच्या १७८१ च्या महाग्रंथात झाले. थोमासिउसच्या व्याख्यानापासून या ग्रंथापर्यंत शंभर वर्षेही लोटली नाहीत. तत्त्वज्ञान शिकता येत नाही, तत्त्वचिंतन करण्यास शिकता येते, असे कान्टचे मत प्रसिद्ध आहे. नेमलेले पुस्तक, ठरलेला अभ्यासक्रम आणि परकी परिभाषा या तिन्ही बेड्या त्याच्याही पायांत होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मताला वेगळे वजन येते.

४

मराठीपुरते बोलावयाचे तर विचाराची भाषा म्हणून तिला नव्याने जन्म घ्यावयाचा नव्हता. तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात ज्ञानेश्वरांनी अज्ञानाच्या कल्पनेचे खंडन केले आहे. त्यातील काव्य क्षणभर बाजूस ठेवले तरी प्रतिपक्षाचा एकेक पर्याय घेऊन त्याला निरुत्तर करण्याची जी रीत तेथे दिसते, ती शुद्ध युक्तिवादाची आहे. आधुनिक काळात टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ मिल, स्पेन्सर, कान्ट आणि ग्रीन यांच्याशी मराठीत वाद घालतो. त्याचे निष्कर्ष मान्य असोत वा नसोत, उपयुक्ततावादाचे परीक्षण मराठी वाक्यात कसे करता येते याचा वस्तुपाठ त्याने घालून दिला. हा ग्रंथ कोणत्याही अभ्यासक्रमासाठी लिहिलेला नव्हता, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

१९६० नंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांत कला शाखेसाठी मराठी माध्यम क्रमाने रूढ झाले. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने उच्च शिक्षणात प्रादेशिक भाषांचा पुरस्कार केला. परिभाषाकोश तयार झाले. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत १९७४ साली पूर्ण झाला. मे. पुं. रेगे यांच्यासारख्या अध्यापकाने आधुनिक विश्लेषक तत्त्वज्ञानाची काटेकोर मांडणी प्रसन्न मराठीत करून दाखविली. एवढी सामग्री हाती असूनही वर्गातील चित्र फारसे पालटले नाही. याचे कारण परिभाषेच्या स्वरूपात शोधावे लागेल. कोश संज्ञेला संज्ञा देतो. पण संज्ञा देताना जो निर्णय करावा लागला त्याची कारणे विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे पूर्वी इंग्रजी शब्द पाठ होत, आता संस्कृत शब्द पाठ होऊ लागले. ‘अनुभवनिरपेक्ष संश्लेषक विधान’ हे पद मराठी लिपीत लिहिलेले असले, तरी ते विद्यार्थ्याच्या मराठीत उतरले असे म्हणता येत नाही.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याची अवस्था याहून बरी आहे अशी समजूत असते. तो मूळ ग्रंथ वाचू शकतो हे खरे. परंतु नीतिशास्त्रातील कर्तव्यविचारावर उत्तम निबंध लिहिणारा हा विद्यार्थी घरी आईशी बोलताना ‘धर्म’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, त्या अर्थाचे परीक्षण करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. एकाला वाद घालता येतो तो परक्या घरात, आणि दुसऱ्याला स्वतःच्या घरातही वाद घालता येत नाही. दोघांचेही नुकसान सारखेच होते.

५

अनुवाद हे वर्गाचे काम व्हावे म्हणजे नेमके काय व्हावे, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण देकार्तच्या मन-शरीर-द्वैताचे. १६४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चिंतनांत विचार करणारे द्रव्य आणि विस्तार असलेले द्रव्य असे दोन पदार्थ सांगितले आहेत. मराठी पाठ्यपुस्तकांत पहिल्याला ‘मन’ म्हणण्याचा प्रघात पडला. आता ज्या विद्यार्थ्याने आदल्याच सत्रात सांख्यदर्शन शिकले आहे त्याला माहीत असते, की सांख्यांच्या मते मन हे प्रकृतीचे कार्य आहे. ते अचेतन आहे आणि चैतन्य पुरुषाचे आहे. न्यायदर्शनात मन हे अणुपरिमाण अंतरिंद्रिय आहे आणि ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे. म्हणजे भारतीय दर्शनांतील बहुतेकांनी ज्याला मन म्हटले ते देकार्तच्या विभागणीत पलीकडच्या, शरीराच्या बाजूस पडेल. विद्यार्थ्याने येथे हात वर करून ‘मग देकार्तच्या मताने मन जड की चेतन?’ असे विचारावयास हवे. तो विचारीत नाही, कारण सांख्य एका प्रश्नपत्रिकेत असते आणि देकार्त दुसऱ्या. हा प्रश्न वर्गात आला तर मात्र एका तासात बरेच काही साधते. चैतन्य आणि विचार या एकच गोष्टी आहेत काय, संकल्पविकल्प करणारे जड असू शकेल काय, देकार्तने द्वैताची रेषा जेथे ओढली तेथेच ती का ओढली, हे प्रश्न परीक्षेसाठी उरत नाहीत. ते खरोखरीचे प्रश्न होतात. यंत्राला विचार करता येतो काय हा आजच्या काळाचा वादही त्यांतून सहज समोर येतो.

दुसरे उदाहरण ज्ञानाच्या व्याख्येचे. १९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकन अध्यापकाने तीन पानांचा एक लेख लिहिला. एखादी समजूत खरी आहे आणि ती बाळगण्यास पुरेसे कारणही आहे, एवढ्याने ती ज्ञान ठरते काय, असा त्याचा प्रश्न होता, आणि ती तशी ठरत नाही हे त्याने उदाहरणांनी दाखविले. आज जगातील बहुतेक विद्यापीठांत हा लेख शिकविला जातो. मराठीत तो शिकवू लागताच पहिल्याच वाक्यात अडचण येते. इंग्रजीतील ज्या शब्दाचा अर्थ केवळ ‘एखादी गोष्ट खरी मानणे’ एवढाच आहे, त्याला ‘विश्वास’ म्हटले तर भरवसा हा अर्थ चिकटतो. ‘श्रद्धा’ म्हटले तर भक्तिभाव येतो. ‘समजूत’ म्हटले तर ती चुकीचीच असणार असा सूर लागतो. पुढची अडचण अधिक खोल आहे. इंग्रजीत खोटे ज्ञान असे म्हणता येत नाही. ज्ञान म्हटले की ते खरेच असावयाचे. न्यायशास्त्रात मात्र ज्ञान यथार्थही असते आणि अयथार्थही. दोरीच्या ठिकाणी झालेले सापाचे भान हेही ज्ञानच होय. यथार्थ अनुभवाला प्रमा हे वेगळे नाव आहे. शिवाय तेथे ज्ञान ही मनात साठवून ठेवलेली समजूत नव्हे. ती एक घटना आहे, उत्पन्न होऊन नाहीशी होणारी.

ही अडचण सोडवू पाहणारा वर्ग आपोआप एका जुन्या ग्रंथापाशी येऊन पोहोचतो. बाराव्या शतकातील श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात प्रमेच्या व्याख्यांवर आघात केले आहेत. धुके पाहून त्याला धूर समजणाऱ्या मनुष्याने पर्वतावर अग्नी असल्याचे अनुमान केले, आणि योगायोगाने तेथे अग्नी खरोखरीच होता, तर त्याला अग्नीची प्रमा झाली म्हणावयाचे काय? मिटलेल्या मुठीत पाच कवड्या आहेत असे कोणी अंदाजाने सांगितले आणि त्या पाचच निघाल्या, तर काय म्हणावयाचे? विसाव्या शतकातील प्रश्नाशी या उदाहरणांचे साम्य बिमल कृष्ण मतिलाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. येथे ‘आमच्याकडे हे आठशे वर्षांपूर्वीच होते’ असे म्हणून थांबणे हा अध्यापनाचा घात होय. गेटियरला व्याख्या दुरुस्त व्हावी असे वाटण्यास जागा आहे. श्रीहर्षाला कोणतीही व्याख्या टिकत नाही हे दाखवावयाचे आहे. एकच उदाहरण दोघांच्या हाती दोन निरनिराळी कामे करते. हा फरक विद्यार्थ्याला स्वतःच्या वाक्यात सांगता आला, तर तो तत्त्वज्ञान शिकला.

असा प्रयोग वर्गाबाहेर, विद्वानांच्या पातळीवर, एकदा मोठ्या प्रमाणावर झाला आहे. १९८३ साली पुण्यास दया कृष्ण, मे. पुं. रेगे, रामचंद्र द्विवेदी आणि मुकुंद लाठ यांच्या पुढाकाराने परंपरागत पंडित आणि आधुनिक विद्यापीठांतील तत्त्वज्ञ यांची परिषद भरली. बर्ट्रांड रसेलचा विधानविषयक सिद्धान्त संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवण्यात आला आणि त्यांनी त्यावर नैयायिकांच्या व मीमांसकांच्या दृष्टीने आक्षेप घेतले. ‘संवाद’ या नावाने ही चर्चा १९९१ साली ग्रंथरूपाने आली. विद्यापीठांत ज्यांना केवळ माहितीचे भांडार मानले जात होते, ते पंडित वादातील बरोबरीचे भागीदार ठरले. हे घडले ते अनुवादामुळे. रसेल संस्कृतात आला नसता तर पंडितांना आक्षेप घेताच आला नसता.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की देशी भाषांचा आग्रह विद्यार्थ्याला कोंडून ठेवील. इंग्रजी ही आज केवळ एका राष्ट्राची भाषा राहिलेली नाही. तत्त्वज्ञानातील नवे लेखन, जर्मन आणि फ्रेंच ग्रंथांचे अनुवाद, एवढेच नव्हे तर संस्कृत ग्रंथांवरील उत्तम संशोधनही तिच्यातूनच विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. वर उल्लेखिलेली दोन्ही उदाहरणे एकभाषिक वर्गात घडू शकणार नाहीत. वर्ग केवळ मराठी असेल तर अडचण दिसणार नाही, आणि केवळ इंग्रजी असेल तरीही दिसणार नाही. तत्त्वज्ञानाचा वर्ग द्विभाषिक असणे ही दारिद्र्यामुळे पत्करावयाची तडजोड मानली जाते. ती खरी म्हणजे अशी सुस्थिती आहे, की जी पॅरिस किंवा ऑक्सफर्ड येथील अध्यापकाला प्रयत्नाने निर्माण करावी लागेल. बंगाली, तमिळ, कानडी, हिंदी या सर्व भाषांतील अध्यापकांना ती आयती लाभलेली आहे.

दुसरा आक्षेप याहून जिव्हारी लागणारा आहे. जुन्या पाठशाळांतील वादपरंपरेचे गुणगान करताना तिचे दार कोणाकोणाला बंद होते याचा विसर पडतो. स्त्रियांना आणि बहुसंख्य जातींना शास्त्रार्थात बसण्याचा अधिकार नव्हता. विद्यापीठ परक्या साच्याचे असेल, पण तत्त्वज्ञानाचा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याने निदान तत्त्वतः सर्वांना दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, त्यात मोठा अर्थ आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. वादाला आरंभ होण्यापूर्वी नागसेन राजाला एक अट घालतो. पंडित जसे बोलतात तसे बोलावयाचे असेल तर वाद होईल; राजे जसे बोलतात तसे बोलावयाचे असेल तर होणार नाही. पंडितांच्या वादात खंडन होते आणि ते सोसले जाते. राजांच्या बोलण्याला जो विरोध करतो त्याला दंड होतो. अध्यापकाने रोज वर्गात शिरताना आठवावी अशी ही अट आहे. तत्त्वज्ञान ज्यांना नाकारले गेले होते त्यांची मुले आज तालुक्याच्या महाविद्यालयांतील बाकांवर बसतात. त्यांना शंका घेण्याची भाषा न देता केवळ उत्तरांच्या वह्या देणे, म्हणजे उघडलेले दार आतून पुन्हा लावून घेणे होय.

७

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणात भारतीय भाषा आणि भारतीय ज्ञानपरंपरा या दोहोंना प्रोत्साहन दिले आहे. तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाला ही संधीही आहे आणि धोकाही. परंपरा अभिमानाचा विषय म्हणून शिकविली तर ती पुन्हा पाठांतराचा विषय होईल. केवळ पाठ करावयाची नावे बदलतील. परंपरा वादाचा विषय म्हणून शिकविली तर तिच्यातच अध्यापनाची एक उत्कृष्ट पद्धती सापडते, ती पूर्वपक्षाची. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे आणि बळकटपणे आधी मांडावयाचे, आणि मगच उत्तर द्यावयाचे. चौदाव्या शतकातील माधवाचार्य स्वतः अद्वैती होते, पण त्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’चा आरंभ चार्वाकाच्या मताने होतो. ज्याचे खंडन करावयाचे त्यालाही आधी नीट बोलू द्यावयाचे, ही त्या परंपरेची शिस्त होती.

ही शिस्त आजच्या वर्गात आणण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. वर्षाकाठी दहा मतांच्या रूपरेषा देण्याऐवजी मूळ ग्रंथातील दहा उतारे वाचले जावेत. प्रत्येक उताऱ्यातील एका वाक्याचा अनुवाद विद्यार्थ्यांनी करावा, आणि कोणता शब्द का निवडला याचे समर्थन वर्गापुढे द्यावे. लेखी उत्तराच्या जोडीला तोंडी परीक्षा असावी, आणि तिच्यात विद्यार्थ्याने स्वतःला न पटणाऱ्या मताचा पूर्वपक्ष मांडावा. अलीकडे कोणत्याही ठरीव प्रश्नाचे ठरीव उत्तर यंत्र क्षणार्धात लिहून देऊ लागले आहे. तेव्हा अशा उत्तरांवर गुण देणारी परीक्षा काय मोजते हा प्रश्न आता टाळता येणार नाही. आपण निवडलेल्या शब्दाची जबाबदारी समोरासमोर घेणे मात्र विद्यार्थ्यालाच करावे लागते.

या कामात साहित्याच्या क्षेत्रातील मंडळींचाही वाटा आहे. तत्त्वज्ञानाची परिभाषा कोशातून येते, परंतु तिला चालते-बोलते करणारी वाक्ये गद्यलेखक घडवितात. कथा, निबंध आणि समीक्षा यांतून ज्या भाषेला सूक्ष्म भेद व्यक्त करण्याची सवय लागली आहे, त्या भाषेत युक्तिवादही सुकर होतो. उलट ज्या भाषेत वाद होत नाहीत, तिचे साहित्यही हळूहळू भावनेपुरते उरते. तत्त्वज्ञानाचे अनुवाद आणि साहित्याचे अनुवाद यांच्यामध्ये जी भिंत उभी आहे ती दोन्ही बाजूंनी खाली आली पाहिजे.

विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांपैकी एखादाच तत्त्वज्ञ होईल, आणि तसा तो झाला नाही तरी काही बिघडत नाही. उरलेले सर्व जण न्याय, धर्म, हक्क, सत्य हे शब्द आयुष्यभर वापरणार आहेत. सभांतून, न्यायालयांतून, घराच्या ओसरीवर आणि मतदानाच्या दिवशीही. ते शब्द त्यांच्या मातृभाषेतील असतील. त्या शब्दांना एकदा तरी थांबवून ‘तुझा अर्थ काय?’ असे विचारण्याची सवय त्यांना त्याच भाषेत लागली असेल, तर तत्त्वज्ञानाच्या वर्गाने आपले काम केले असे म्हणता येईल.